पांढरा रस्सा आणि नऊ कोल्हापूरकर

प्रश्न: ताई, माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. मुलगा कोल्हापूरचा, नोकरीला पुण्यात. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी त्यांच्याकडची ९ माणसं आमच्याकडे जेवायला येणार आहेत, साखरपुड्याची बोलणी तेव्हाच होतील. आम्ही मूळचे मालवणकडचे. माझ्या हातचे कोंबडी-वडे आमच्या सोसायटीत नावाजलेले आहेत. पण मुलगी म्हणते, ‘आई, ते नेहमीचंच नको, त्यांच्या पद्धतीचं कर, त्यांना बरं वाटेल.’ म्हणून तांबडा-पांढरा रस्सा करायचं मनात घेतलंय. आजवर कधी केलेला नाही. ६ व्हिडिओ बघितले, सहाही वेगळे. एकीत हळद, एकीत नाही. कुणी काजू घालतं, कुणी मगज (खरबूज-कलिंगडाच्या बिया). मटण आठशेच्या पुढे गेलंय, त्यामुळे आधी करून बघायचं जिवावर येतं. यजमान म्हणतात, ‘बाहेरून मागव आणि मोकळी हो.’ मला रात्रीची झोप लागत नाही. काय करू?
– भावी विहीणबाई, डोंबिवली

विहीणबाई,

आधी मुलीला फोन लावा आणि विचारा की त्या नऊ जणांत मटण खाणारे किती. हसू नका. कोल्हापूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रश्श्याची वाटी येते, पण तिकडे कितीतरी घरांत एखादा माळकरी असतोच. मुलाच्या आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ निघाली, तर तुमचा पांढरा, तांबडा आणि माझा हा सगळा सल्ला त्यांच्या ताटाबाहेर. त्यांच्यासाठी निराळ्या भांड्यातलं, निराळ्या पळीचं काहीतरी लागेल. भिंतीवरचं कॅलेंडरही एकदा बघून घ्या. रविवारी चतुर्थी किंवा एकादशी येत नाही, असं काही नाही.

आता मूळ मुद्दा. उद्या समजा एखादी कोल्हापूरची बाई तुम्हाला जेवायला बोलावते. तुम्ही मालवणच्या, तुम्हाला बरं वाटावं म्हणून ती व्हिडिओ बघून आयुष्यातली पहिली सोलकढी करते आणि पेल्यात घालून तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही काय कराल? एक घोट घ्याल, म्हणाल, ‘छान झालीय हो!’ आणि मनात म्हणाल, कोकमाचं आगळ कमी पडलंय, लसूण उग्र लागतोय, नारळ जुना दिसतोय. तिला यातलं एक अक्षर सांगणार नाही. घरी परतताना गाडीत मात्र सगळं सांगाल. त्या रविवारी तुमच्याकडून परतणारी गाडीही अशीच बोलत जाणार आहे.

माझ्या लग्नाला सहा-सात महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. सासऱ्यांचे ऑफिसातले ४ मित्र संध्याकाळी येणार होते आणि सासूबाई गावाला गेल्या होत्या. पोहे, उपमा, थालीपीठ हे सगळं मला येत होतं. पण नव्या सुनेने पोहे काय करायचे! मासिकातून कापून ठेवलेली सुरळीच्या वड्यांची कृती काढली. १ वाटी बेसन, १ वाटी आंबट ताक, २ वाट्या पाणी, आलं-मिरची, हळद, मीठ. पुढे लिहिलेलं, ‘दाटसर होईपर्यंत ढवळावे व गरम असतानाच ताटांना पातळ पसरावे.’ दाटसर म्हणजे किती, ते लिहिणारीला ठाऊक. मला जे दाटसर वाटलं त्यावर गॅस बंद केला, ५ ताटं पालथी घातली, त्यांच्या पाठीवर पसरलं, सुरीने पट्ट्या पाडल्या आणि पहिल्या पट्टीचं टोक उचललं. टोक हातात आलं, पट्टी ताटावरच राहिली. दुसरीचंही तेच. बाहेर सासरे मित्रांना सांगत होते, ‘आज सूनबाईंनी काहीतरी खास केलंय.’

पाचही ताटं उलथन्याने खरवडून मी तो सगळा ऐवज कढईत घातला, पाणी घालून सारखा केला, वर मोहरी-हिंग-तिळाची फोडणी, खोबरं, कोथिंबीर, आणि वाट्यांतून चमच्यासकट बाहेर नेला. एक काका म्हणाले, ‘वा, ताकातलं पिठलं! किती दिवसांनी!’ दुसऱ्यांनी मागून घेतलं. सासरे माझ्याकडे बघत होते, मी पंख्याकडे.

गंमत पुढेच आहे. त्या संध्याकाळी चौघांनी कौतुक केलं आणि त्यातून मी काहीही शिकले नाही. चुकलं काय ते कळायला ४ महिने आणि शेजारच्या काकू लागल्या. त्या पातेल्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, शिजलंय कुठे अजून! थेंबभर ताटाला लाव, गार होऊ दे, सुटून आला तर पसर. नाही आला तर ढवळत बस.’ झालं. एका थेंबाचा प्रश्न होता. पाहुणा हे सांगत नाही. त्याच्या तोंडावर भिडेचं कुलूप असतं, आणि व्याह्यांच्या तोंडावर तर दोन. म्हणून पाहुण्यांपुढे केलेला पहिला प्रयोग बिघडला तरी फुकट जातो आणि साधला तरी फुकटच, कारण कशामुळे साधला तेही कुणी सांगत नाही. (जिवाभावाच्या मैत्रिणी, भिशीचा कंपू, हे लोक यात धरू नका. त्या ‘ए, हे काय केलंयस!’ म्हणतात. त्यांच्यावर खुशाल प्रयोग करा.)

तेव्हा पांढरा रस्सा शिकायचा असेल तर शिका, पण व्याह्यांच्या आधी. मटण महाग आहे म्हणता, तर पहिली तालीम चिकनवर घ्या. कोल्हापुरात चिकनचा पांढराही होतो. हाडाच्या मटणाच्या सुपाची चव त्याला येणार नाही, पण तुम्हाला सुपाची चव शिकायचीच नाहीये. मटण शिजवणं तुम्हाला येतं. अडणार आहे ते दोन ठिकाणी, वाटण आणि नारळाचं दूध. ती दोन्ही अर्धा किलो चिकनवर शिकून होतील.

सहा व्हिडिओंपैकी एक निवडा आणि बाकीचे पाच विसरा. सहाही बरोबर असतील, घराघरात फरक असतोच. पण एकीची हळद आणि दुसरीचा मगज असं कडबोळं केलंत तर तो सातवा रस्सा होईल आणि तो आजवर कुणीच केलेला नसेल. हळदीचं सांगायचं तर काही जणी तांबड्या-पांढऱ्याला मिळून एकच अळणी सूप काढतात, त्यात चिमूटभर हळद असते आणि पांढरा जरा पिवळसर येतो. शुभ्र हवा असेल तर सुपात हळद नको, नुसतं आलं-लसूण आणि मीठ. आणि ज्या व्हिडिओत ‘आता हे छान परतून घ्या’ म्हणून लगेच पुढचं दृश्य येतं, तिथे घड्याळ लावून बसा. त्या एका कटात दहा मिनिटं गेलेली असतात.

अर्धा किलोला दहा-बारा काजू, चमचाभर तीळ, चमचाभर खसखस पुरते. खसखस गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि मिक्सरच्या सगळ्यात लहान भांड्यात वाटा. मोठ्या भांड्यात ती पात्याखाली नुसती फिरत राहते, बारीक होत नाही, आणि मग रस्सा दाताखाली कचकचतो. तुपात दालचिनी, लवंग, मिरी, वेलची, त्यावर वाटण, मंद गॅसवर. वाटणाला रंग चढता कामा नये, इथे परतणं म्हणजे भाजणं नव्हे. (माझी मावसबहीण दुबईत असते. तिकडे खसखशीला बंदीच आहे, म्हणून ती काजू-तिळावर भागवते. तिचा रस्सा मी खाल्लाय. काही बिघडत नाही.)

आता नारळाचं दूध. तुम्ही सोलकढी डोळे मिटून करत असाल, पण सोलकढी कधी गॅसवर चढत नाही. इथे दूध चढतं, आणि नवखी बाई तिथेच फसते. दाट दूध वेगळं काढा, पातळ वेगळं. पातळ दूध सुपाबरोबर उकळलं तरी चालतं. दाट दूध अगदी शेवटी, गॅस बारीक करून, ढवळत ढवळत. कडेला बुडबुडे धरायला लागले की बंद. खळखळून उकळी आली की दूध फुटतं, वर तेलाचे थेंब आणि खाली कण. चव फारशी बिघडत नाही, पण कोल्हापूरकर रस्सा आधी डोळ्यांनी पितात. काळजी वाटत असेल तर दाट दुधात चमचाभर तांदळाचं पीठ कालवून घाला, त्याने दूध धरून राहतं. पुस्तकी पांढऱ्यात ते नसेल. नसू दे.

आणि आता जी गोष्ट एकाही व्हिडिओत नसते. कोल्हापूरहून डोंबिवली म्हणजे गाडीने सात-आठ तासांचा रस्ता. ते आदल्या दिवशी पुण्यात मुक्काम करून निघाले तरी साडेबाराला येतो म्हणणारी माणसं दोनला पोचतात. तोवर तुमचा तयार पांढरा ओट्यावर निवलेला. मंडळी हात धुवायला उठली की तुम्ही घाईघाईने मोठ्या गॅसवर तो गरम करणार, आणि नेमका तेव्हाच तो फुटणार. म्हणून त्या दिवशी सूप आणि वाटण एकत्र करून ठेवा, दाट दूध निराळं फ्रीजमध्ये. उकाड्यात बाहेर ठेवलंत तर आंबेल. मंडळी सरबत घेऊन टेकली की सूप उकळा, गॅस बारीक करा, दूध घाला. दहा मिनिटांचं काम.

पण त्या दहा मिनिटांत काय होईल तेही सांगते. होणाऱ्या विहीणबाई पदर खोचून स्वयंपाकघरात येतील, ‘काही मदत करू का?’ म्हणतील आणि ओट्याला टेकून उभ्या राहतील. तुम्ही एका हाताने दूध ओतताय, दुसऱ्याने ढवळताय, आणि त्या विचारतायत, ‘मुलीची रास कोणती म्हणालात?’ तुमचं लक्ष राशीकडे जाणार, पळी थांबणार. कुठलाही पदार्थ पाहुण्यांना घालण्याइतका हातात बसलाय की नाही, हे मी यावरूनच ठरवते. फोनवर गप्पा मारत तो करता आला पाहिजे. तालमीच्या वेळी मुद्दाम बहिणीला फोन लावून बघा.

तालमीला एक माणूस बोलवा. यजमान नकोत. पत्रावरून वाटतं, ते ‘बरं आहे’च्या पुढे जाणारे नाहीत. डोंबिवलीत कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसांचा तोटा नाही, सोसायटीत नाहीतर मागच्या गल्लीत कुणीतरी मिळेल. वाटी त्यांच्या हातात द्या आणि ‘कसा झालाय?’ असं विचारू नका. त्याला उत्तर एकच असतं. ‘यात काय कमी आहे?’ असं विचारा. पहिल्यांदा त्या नाही नाही म्हणतील. तुम्ही गप्प राहा. दुसऱ्या घोटाला म्हणतील, ‘तसं म्हटलं तर मिरी थोडी...’ तिथून पुढे तुमचं शिक्षण सुरू.

पहिली तालीम बुधवारी चिकनवर आणि बरी जमली तर पुढच्या आठवड्यात अर्धा किलो हाडाच्या मटणावर. एवढा खर्च मात्र करा. पण अर्ध्या किलोवर जमलं म्हणजे २ किलोवर जमलंच, असं नाही. सगळं चारपट करून चालत नाही. पाणी किती आटतं ते भांड्याच्या तोंडावर ठरतं, मालावर नाही. चारपट पाणी घातलंत तर रस्सा पुळचट होईल. कमीने सुरू करा, वाढवता येतं. लवंग-दालचिनीही चारपट नकोत, अडीच-तीनपट पुरे. मीठ सगळ्यात शेवटी. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, म्हणजे ५ लिटरच्या कुकरात २ किलो मटण आणि सुपाचं पाणी मावणार नाही, दोनदा लावावा लागेल. शिट्ट्या दुप्पट करायच्या नसतात, दाब धरायला तेवढा वेळ जास्त लागतो. आणि ३-४ लिटर रश्श्याला घरच्या बर्नरवर उकळी यायला पंधरा-वीस मिनिटं जातात. हा वेळ कुणीच हिशेबात धरत नाही, आणि मग बाहेर पानं मांडून माणसं बसलेली असतात.

तांबडा मात्र सोडून द्या. का, ते सांगते. त्याचा जीव कांदा-लसूण मसाल्यात असतो आणि तो तिकडे घरोघरी वर्षाचा केलेला असतो, आपापल्या तिखटाचा. दुकानातल्या पाकिटाचा तांबडा कोल्हापूरकर पहिल्या भुरक्याला ओळखतो. शिवाय ताटात तुमची कोंबडीची सागोती आली की ती लालच आहे. एका ताटात दोन लाल रस्से कशाला?

हो, कोंबडी-वडे करायचेच. मुलीला नीट सांगा. तिला जे ‘नेहमीचंच’ वाटतं, ते त्या नऊ जणांना नेहमीचं नाही. तांबडा-पांढरा ती माणसं लहानपणापासून पीत आलीत. तुमचा टम्म फुगलेला वडा, त्यातला बडीशेप-धण्याचा वास, बाजूला सोलकढी, हे त्यांच्या घरी होत नाही. मुलीच्या माहेरी आपण काय खाल्लं, हे त्यांना कोल्हापुरात जाऊन चार जणांना सांगायचंय. ‘आपल्यासारखाच रस्सा होता, जरा पातळ,’ असं सांगायला कुणी दोन दिवस प्रवास करत नाही.

मग पांढऱ्याचं काय? दोन्ही तालमी पार पडल्या आणि त्या मिरीवाल्या बाईंनी दुसरी वाटी मागून घेतली, तर त्या दिवशी जेवणाआधी लहान वाट्यांतून घोट घोट द्या. वाडगा भरून नाही. आणि मुलीला, यजमानांना, कुणालाच आधी सांगू द्यायचं नाही की पांढरा आहे म्हणून. जे जाहीर केलेलंच नाही ते फसलं तर ओट्याखाली झाकून ठेवता येतं. माझ्या सासऱ्यांनी त्या दिवशी तोंड उघडलं नसतं तर मीही सरळ पोहे केले असते. ऐन वेळी फुटलाच तर पातेलं खाली उतरवा, चार काजूंचं वाटण गार पाण्यात कालवून त्यात घाला आणि रवीने घुसळा. बराचसा जुळून येतो. मिक्सरमध्ये गरम रस्सा घालू नका, झाकण उडतं आणि व्याह्यांसमोर साडी बदलायची वेळ येते.

यजमानांची सूचना वाईट नाही, पण हॉटेलचं जेवण ऑफिसच्या पाहुण्यांना चालतं. मुलगी द्यायच्या घरी घरचं लागतं. त्यांना दुसरं काम द्या, मटण-कोंबडी सकाळी सातला आणायचं. आणि मटण आणायला पाठवाल तेव्हा नळ्या मागायला सांगा. पुरुषांना सांगितलं नाही तर नुसते मऊ तुकडे घेऊन येतात, आणि नळीशिवाय पांढऱ्याचं सूप म्हणजे गरम पाणी.

विहीणबाईंना आत्ताच फोन करून कृती विचारू नका. विचारलीत की त्या वाट बघतील. जेवण झाल्यावर विचारा, हातावर पाणी पडल्यावर, ‘तुमच्याकडे पांढरा कसा करतात?’ तुमचा झालेला असो वा ओट्याखाली असो. बाई खुलतील, अर्धा तास सांगतील आणि पुढच्या वेळी येताना मसाल्याची बरणी घेऊन येतील. तेव्हा तांबडा त्यांच्याच हातून तुमच्या स्वयंपाकघरात होऊ द्या.

तळायला मात्र शेजारणीला आधीच सांगून ठेवा. विहीण बाहेर बसलेली आणि तुम्ही दोन तास कढईसमोर, असं नको. तेल कमी तापलेलं असताना एकदम चार वडे सोडायचे नाहीत एवढं तिला बजावा. आणि पीठ माणशी चार वड्यांचं धरलं असेल तर सहाचं भिजवा.